प्रागमधली दाटीवाटीची दफनभूमी

प्रागला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. जुन्या ज्यू दफनभूमीतल्या, एकमेकांवर रेललेल्या काळपट दगडांचा. मीही काढले, चांगले वीसेक. मग तिथली माहिती वाचली आणि कॅमेरा पिशवीत टाकला.

ज्यू धर्मात पुरलेल्या माणसाला हलवायचं नाही. ती जागा कायमची त्याची. पण घेट्टोतल्या लोकांना पुरेशी जमीन कधी मिळालीच नाही. मग जुन्या थडग्यांवर माती टाकायची आणि त्यात नवं दफन करायचं. असे काही ठिकाणी बारा थर झाले म्हणतात! खालच्यांचे दगड मात्र उचलून वर आणायचे, नव्यांच्या शेजारी उभे करायचे. म्हणून ही गर्दी. आपल्याला जे चित्रासारखं दिसतं, ती खरं तर जागेची टंचाई आहे.

सर्वात जुना दगड १४३९ चा, शेवटचं दफन १७८७ चं. दगड सुमारे १२ हजार, खाली माणसं कितीतरी जास्त. हिब्रू येत नसलं तरी चित्रांवरून थोडं कळतं. आशीर्वादाचे दोन हात म्हणजे कोहेन, पुरोहितांचं घराणं. पाण्याची सुरई म्हणजे लेवी, या पुरोहितांच्या हातावर पाणी घालणारे. इतिहासकार डेव्हिड गान्स १६१३ मध्ये गेला, त्याच्या दगडावर चक्क हंस आहे. जर्मनमध्ये 'गान्स' म्हणजे हंसच की :)

फुलं कुठे दिसली नाहीत. थडग्यांवर खडे ठेवतात. रब्बी लोव (मृत्यू १६०९) यांच्या थडग्यावर तर खड्यांखाली नवसाच्या चिठ्ठ्याही होत्या. आमच्या आजोबांच्या अस्थी गोदावरीत सोडल्या, त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. इथे वाटलं.

शेजारीच पिंकास सिनेगॉग आहे. त्याच्या भिंतींवर, नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या सुमारे ८० हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. यांना थडगी नाहीतच. ही नावं आधी १९५० च्या दशकात लिहिली होती. १९६८ नंतर सिनेगॉग बंद पडलं, ओल आणि दुरुस्ती या गडबडीत नावं गेली. १९९२ ते १९९६ मध्ये ती सगळी पुन्हा लिहून काढली.

मी एका गावाची नावं वाचायला घेतली. अर्ध्यावर आलो तेवढ्यात बंद व्हायची वेळ झाली.