बेरी-पुलाव आणि बाड

आम्हां अलिबागकरांची मुंबई मांडव्याच्या लाँचमधून गेटवेला उतरल्यावर सुरू होते. तेथून पायी बॅलार्ड इस्टेट. समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने ही दगडी पेठ वसवली. आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवेही त्याचेच. येथे 1923 साली रशीद कोहिनूर या इराण्याने ‘ब्रिटानिया’ उघडले. गिऱ्हाईक गोरे साहेब, म्हणून पदार्थही मिळमिळीत! महायुद्धात लष्कराने जागाच घेतली. ती पुढे सुटली. पण नशीब फिरले 1982 मध्ये. इराणात राहून आलेल्या बचनबाईंनी, म्हणजे रशीदजींच्या सूनबाईंनी, तिकडची आंबट लाल जरिश्क घालून बेरी-पुलाव शिजवला.

माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकाने परत केली, त्या दुपारी मी तेथे बसलो होतो. भिंतीवर जरथुष्ट्र, गांधीजी आणि इंग्लंडची राणी, तिघेही गुण्यागोविंदाने! बचनबाईंचे यजमान बोमनजी नव्वदीतही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत. पुलाव संपवून उठलो. बाड मुद्दामच खुर्चीवर ठेवले. रस्त्यावर येतो तोच एक वेटर धावत मागे. “साहेब, हे राहिलं!”

2019 साली बोमनजी गेले. कादंबरी त्यानंतर छापली गेली. प्रत घेऊन गेलो, तर तो वेटरही गावी परतलेला.