मधुमेहींच्या ताटातील भात-पोळीचा वाद

मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला औषधाची चिठ्ठी एका डॉक्टरकडून मिळते. आहाराचा सल्ला मात्र दहा जणांकडून. महाराष्ट्रात तर या सल्ल्यांचे तट पडले आहेत. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेली पद्धत दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आटोपण्यास सांगते. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर ठरावीक अंतराने थोडे थोडे खाण्याचा आणि भात-तूप न सोडण्याचा आग्रह धरतात. अलीकडे भात-पोळी जवळजवळ वर्ज्य करणाऱ्या 'कीटो'ची त्यात भर पडली आहे. पहिले दोन सल्ले प्रामुख्याने 'केव्हा खावे' याभोवती फिरतात. 'किती पिष्ट खावे' हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडतो, आणि टाइप २ मधुमेहात तोच अधिक कळीचा आहे.

या विकारात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने स्वादुपिंडही थकते. जेवणानंतर रक्तातील साखर सर्वाधिक वाढते ती कर्बोदकांमुळे. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचा परिणाम बराच सौम्य असतो.

१०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८ ग्रॅम, तर कच्च्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे पोळी सोडून भाकरी धरली की साखर आटोक्यात आली, हा समज फारसा टिकत नाही. भाकरीतला तंतू उपयोगी असला, तरी तीन भाकऱ्या त्या तीन भाकऱ्याच. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्टच; मधुमेहींनी ती 'हलका फराळ' समजू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिआब' पाहणीच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, प्रथिनांतून अवघी १२ टक्के. धान्याचे पीठ बदलण्याने नव्हे, तर कर्बोदकांचा काही वाटा डाळी, दूध-दही अशा प्रथिनांना दिल्याने मधुमेहाचा धोका कमी दिसला, असेही त्यात आढळले.

वैद्यकशास्त्रानेही या बाबतीत भूमिका बदलल्या आहेत. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी कर्बोदके तोडणे आणि उपासमार हाच जवळपास एकमेव उपचार होता. पुढे हृदयविकाराच्या भीतीने स्निग्ध पदार्थ खलनायक ठरले आणि १९७० च्या दशकात अमेरिकी मधुमेह संघटनेने कर्बोदकांवरील बंधने सैल केली. त्याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने साखर नियंत्रणासाठी एकूण कर्बोदके कमी करण्यालाच सर्वाधिक पुरावा असल्याचे म्हटले. मात्र सर्वांना लागू पडेल असे एकच प्रमाण सांगण्यास नकार दिला. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा तक्ता आणि आजचा सल्ला जुळत नसेल, तर त्यात रुग्णाचा दोष नाही.

कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमांहून कमी कर्बोदके. ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम धरली, तर सहा पोळ्यांतच ही मर्यादा जवळपास संपते. डाळ, दूध, फळे यांना जागाच उरत नाही. असा आहार सोपा नाही, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी मोकळेपणाने सांगायला हवे. २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदके घेणाऱ्या गटात सहा महिन्यांनी ५७ टक्के रुग्णांची 'एचबीए१सी' ६.५ टक्क्यांखाली आली होती. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. पण त्यांतील अनेकांची औषधे चालूच होती आणि वर्षभरानंतर हा लाभ बराच ओसरला. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत तर भर कर्बोदकांवर नव्हे, वजनावर होता. काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार घेतलेल्या गटातील ४६ टक्के रुग्ण वर्षाअखेर औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. याला शास्त्रज्ञ 'रेमिशन' म्हणतात. जाहिरातींतील 'मधुमेह कायमचा बरा' ही भाषा वेगळी आहे.

खरा धोका मात्र या मतभेदांत नाही, तो औषधाच्या डबीत आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या रुग्णाने जुनी मात्रा तशीच ठेवून एकदम भात-पोळी तोडली, किंवा जेवणे दोनवर आणली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. वृद्धांत ती 'अशक्तपणा' म्हणून दुर्लक्षिली जातात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांसोबत अतिशय कमी कर्बोदके घेतल्यास रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्यांना साखर उतरण्याचा धोका तुलनेने अल्प असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, तर गर्भवतींनी असे प्रयोग टाळावेत.

म्हणून आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न 'काय खाऊ?' हा नसून 'यातली कोणती गोळी कमी करावी लागेल?' हा आहे. पहिल्या काही आठवड्यांत घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या नोंदी वहीत लिहून ठेवाव्यात. तीन महिन्यांनी 'एचबीए१सी'बरोबर कोलेस्टेरॉलचीही तपासणी करावी, कारण भात-पोळीची जागा तूप-लोण्याने भरून काढणाऱ्या काहींचे एलडीएल वाढलेले आढळते.