लिथियम आणि वेदनाशामके

द्विध्रुवी मनोविकारात भावावस्था स्थिर ठेवणारे लिथियम ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये पुढे आणले. त्याची उपचारमात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. रक्तातील पातळी साधारणतः लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. लिथियम मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांतील प्रोस्टाग्लँडिन घटवतात, त्यामुळे लिथियम शरीरात साचते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घामाने पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंडे सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतात. अशात डोकेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली कॉम्बिफ्लाम घेतली तर धोका दुणावतो, कारण तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असते. चहाचा कप धरताना हात ठळकपणे थरथरणे, जुलाब, बोबडे बोलणे, तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे होत; ती उन्हाचा त्रास समजून अंगावर काढणे घातक ठरते. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाऊन रक्तातील लिथियम तपासावे लागते.

नुसते पॅरासिटामॉल योग्य मात्रेत लिथियमसोबत चालते. भावावस्था स्थिर ठेवणारे दुसरे औषध व्हॅल्प्रोएट घेत असल्यास मात्र ॲस्पिरिनबाबत सावधगिरी बाळगावी लागते.