समुद्रकिनाऱ्यावरील खरेदी : स्थानिक हस्तकला कशी ओळखावी?

कुरुद (भिलाई) : कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर सुटी घालवून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात शिंपल्यांची माळ, लाकडी होडी, आरसेकामाची पिशवी किंवा धातूची छोटी मूर्ती अशी एखादी वस्तू हमखास असते. यांपैकी किती वस्तू त्या किनाऱ्याच्या परिसरात घडलेल्या असतात, हा प्रश्न मात्र खरेदी करताना क्वचितच विचारला जातो.

भिलाई परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न अधिकच रंजक आहे. देशभरच्या पर्यटन बाजारांत ठळकपणे मांडल्या जाणाऱ्या धातुशिल्पांमध्ये बस्तरच्या ढोकरा कलेचा समावेश होतो. कोंडागाव हे या कलेचे मोठे केंद्र भिलाईपासून काही तासांच्या अंतरावर आहे. घराजवळच्या जिल्ह्यात ओतलेली मूर्ती हजार किलोमीटर दूरच्या किनाऱ्यावर 'गोव्याची आठवण' म्हणून विकत घेतली जाणे अशक्य नाही. ती मूर्ती बनावट नसते. तिची ओळख तेवढी चुकीची सांगितलेली असते. या गोंधळाची किंमत दोन्हीकडच्या कारागिरांना मोजावी लागते. बस्तरच्या कारागिराचे नाव पुसले जाते आणि किनाऱ्यालगतच्या कारागिरापर्यंत ग्राहक पोहोचत नाही.

किनाऱ्यावरचा बाजार

गोव्यातील हणजुणे येथे बुधवारी भरणारा बाजार पर्यटकांमध्ये प्रसिद्ध आहे. तेथे काश्मिरी शाली, राजस्थानी कापडकाम, कर्नाटकातील लमाणी भरतकाम आणि तिबेटी दागिने शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात. असा बाजार पाहण्यासारखा असतो आणि तेथील अनेक वस्तू दर्जेदारही असतात. परंतु तो साऱ्या देशाचा बाजार आहे. गोव्याचा रोजचा व्यवहार पाहायचा असेल, तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अधिक उपयोगी ठरतो. मातीची भांडी, स्थानिक मिरची, काजू आणि गोवन सॉसेज तेथे स्थानिक गृहिणीही खरेदी करतात. स्थानिक लोक स्वतःच्या वापरासाठी जेथे वस्तू घेतात, तेथे अस्सल वस्तू मिळण्याची शक्यता अधिक, हा नियम बहुतेक पर्यटनस्थळांना लागू पडतो.

महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग हा जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा ही त्याची किनारी ठिकाणे. येथे आलेला प्रवासी बहुधा वाळू, किल्ला आणि मासळीच्या जेवणापुरताच थांबतो. जिल्ह्याच्या दोन महत्त्वाच्या हस्तकला मात्र किनारा सोडून थोडे आत गेल्यावर, सावंतवाडी आणि पिंगुळी येथे भेटतात.

सावंतवाडी : लाकूड आणि लाख

सावंतवाडीत मोती तलावापासून जवळच असलेली चितारआळी ही लाकडी खेळण्यांची जुनी बाजारपेठ. लाकडी फळे-भाज्या, भातुकली, पाट, चौरंग, देव्हारे आणि बैलगाड्या ही येथील ओळख. फळांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरण्याची पद्धत आहे. आंबा, फणस यांचे लाकूडही उपयोगात येते. लाकूड वाळवणे, कातणे, घासणे आणि रंगवणे अशा टप्प्यांतून वस्तू तयार होते.

लाखकामाची रीत वेगळी आहे. यंत्रावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली जाते. घर्षणाने निर्माण झालेल्या उष्णतेमुळे लाख वितळते आणि लाकडावर तिचा थर बसतो. हा थर पृष्ठभागाशी एकजीव होत असल्याने तो वरून मारलेल्या साध्या रंगासारखा सहज निघत नाही.

या व्यवसायाला स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांशी दीर्घकाळ स्पर्धा करावी लागली. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह अनिवार्य केले. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन प्राप्त खेळण्यांचे नोंदणीकृत उत्पादक यांना त्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे चितारआळीतील एखाद्या लाकडी बैलगाडीवर हे चिन्ह दिसले नाही, तर केवळ त्यावरून ती नियमबाह्य ठरत नाही. अशा वेळी विक्रेत्याकडे कारागिराच्या नोंदणीविषयी विचारणा करता येते.

गंजिफा : एकशे वीस गोल पाने

सावंतवाडीची दुसरी ओळख म्हणजे गंजिफा, अर्थात हाताने रंगवलेले गोल पत्ते. मोगल पद्धतीच्या जोडात आठ रंगांची ९६ पाने असतात. दशावतारी जोडात प्रत्येक अवताराचा एक असे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. मत्स्यावतारासाठी मासा, परशुरामासाठी परशू अशा चिन्हांवरून रंग ओळखला जातो. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पाने तयार केली जात आणि त्यांना लाखेचा लेप दिला जाई.

छापील पत्त्यांच्या प्रसारानंतर ही कला लोप पावण्याच्या बेतात होती. १९७० च्या दशकात सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न सुरू केला. त्या वेळी ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर हयात होते. राजदांपत्याने त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि तरुण कलाकारांना शिकवण्याची सोय केली. एका म्हाताऱ्या हातातून ही कला वेळीच पुढच्या हातांत गेली, म्हणून ती आज पाहता येते. राजवाड्यात कलाकार पाने रंगवताना अभ्यागतांना पाहता येतात आणि खरेदीही करता येते.

संपूर्ण जोड रंगवण्यास मोठा काळ लागतो, त्यामुळे त्याची किंमत सामान्य प्रवाशाला अधिक वाटू शकते. सुटी पाने, गंजिफा शैलीत रंगवलेल्या पेट्या व तबके हा त्यावरील पर्याय आहे. सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी कलावस्तू या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पिंगुळीची चित्रकथी

कुडाळजवळील पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा जपली आहे. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवत कथा गाऊन सांगितली जाते. या परंपरेचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या 'ठाकर आदिवासी कला आंगण' या संग्रहालयात जुनी चित्रे व बाहुल्या पाहता येतात. येथून घेतलेल्या चित्रामागची कथा कलावंताच्या तोंडून ऐकता येते, ही सोय किनाऱ्यावरच्या दुकानात नसते.

गोव्याचे काय घ्यावे?

पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या रंगीत चित्रफरशा, ज्यांना आझुलेजो म्हणतात, डिचोली परिसरातील मातीकाम, नारळाच्या करवंटीच्या वस्तू आणि लाल चौकड्यांची कुणबी साडी या गोव्याशी जोडलेल्या वस्तू होत. विणकरी जवळजवळ थांबलेल्या कुणबी साडीकडे वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लक्ष वेधले. गोवा हस्तकला, ग्रामीण आणि लघुउद्योग विकास महामंडळाची विक्री केंद्रे ही खरेदीची सुरुवात करण्यासाठी सोयीची ठिकाणे आहेत. दर आणि दर्जा यांचा अंदाज तेथे येतो.

खाद्य-पेयांत काजू फेणीला २००९ मध्ये, जत्रांतील खाज्याला २०२१ मध्ये आणि बेबिंका या थरांच्या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याचा काजू, तसेच सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांनाही ते लाभले आहे. फेणी राज्याबाहेर नेताना संबंधित राज्यांचे अबकारी नियम आधी पाहणे आवश्यक ठरते.

भौगोलिक मानांकन म्हणजे काय?

एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक विशिष्ट प्रदेशाशी जोडलेला असल्यास तिला हे मानांकन दिले जाते. त्यासाठीचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी चेन्नई येथील कार्यालयात होते, ती दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. मानांकन एका दुकानाचे नसून त्या प्रदेशातील उत्पादक समूहाचे असते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेला कारागीर त्याचे चिन्ह वापरू शकतो. बस्तरच्या ढोकरा कलेलाही असे मानांकन आहे. तेव्हा गोव्याच्या बाजारात ढोकरा मूर्ती आवडलीच, तर ती 'बस्तरची' म्हणूनच मागावी आणि विक्रेत्याकडून तसेच लिहून घ्यावे.

पारख कशी करावी?

लाकडी वस्तू हातात घेऊन तिचा तळ पाहावा. रंग न लागलेल्या भागावर लाकडाच्या रेषा दिसतात. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूवर बहुधा जोडाची बारीक रेघ आढळते. ओलसर रुमाल घासल्यावर रंग निघाला, तर वस्तू लहान मुलाच्या हाती देऊ नये.

हाताने रंगवलेल्या दोन गंजिफा किंवा दोन चित्रे तंतोतंत सारखी नसतात. छापील प्रतीवर भिंगातून पाहिल्यास बारीक ठिपके दिसतात. ढोकरा मूर्तीत मेणावर माती लिंपून साचा केला जातो, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतला जातो आणि शेवटी साचा फोडावा लागतो. म्हणून रांगेतील दहा मूर्ती हुबेहूब सारख्या असतील, तर शंका घ्यावी.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : वस्तू कोणत्या गावी घडली, कशाची आहे आणि कोणी केली? कारागिराशी थेट संबंध असलेला दुकानदार याची उत्तरे सहसा चटकन देतो. खरेदीची पावती घ्यावी आणि तीवर वस्तूचे वर्णन असावे.

काय घेऊ नये?

समुद्रकिनारी मिळणारी प्रत्येक सुंदर वस्तू कायदेशीर नसते. प्रवाळ, समुद्रघोडा, सागरी कासवाचे कवच, तसेच नॉटिलससारख्या काही मोठ्या शंख-शिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांचा व्यापार हा गुन्हा असून 'दुकानात मिळाले' ही सबब ग्राहकाला उपयोगी पडत नाही. शंखाची जात ओळखता येत नसेल, तर तो न घेणेच इष्ट. करवंटी, काथ्या, लाकूड आणि माती यांच्या वस्तूंबाबत हा धोका नाही.

किंमत आणि घासाघीस

किनाऱ्यावरील फिरत्या विक्रेत्याशी घासाघीस करण्याची रीत सर्वपरिचित आहे. मात्र कारागिराच्या घरी किंवा कार्यशाळेत तोच बेत करताना विचार व्हावा. तेथे सांगितलेल्या किमतीत मध्यस्थाचा वाटा नसतो. कच्चा माल आणि हाताच्या श्रमाचे दिवस असतात. पैसे कमी असतील, तर मोठी वस्तू अर्ध्या दरात मागण्यापेक्षा लहान वस्तू पूर्ण दरात घेणे दोघांनाही परवडते.

कारागिराची पुढची पिढी त्या व्यवसायात राहील की नाही, हे पुरस्कारांपेक्षा नियमित मागणीवर अवलंबून असते. सावंतवाडीच्या गंजिफेला राजाश्रयाने जीवदान मिळाले. तिला पुढे नेणे आता ग्राहकांच्या हाती आहे. किनाऱ्यावरच्या मुक्कामातील अर्धा दिवस चितारआळी किंवा पिंगुळीसाठी राखून ठेवला, तर घरी आलेल्या वस्तूसोबत तिचे गाव आणि घडवणाऱ्याचे नावही सांगता येते.