राजपुत्राचा नवा चेहरा

परवा नातू पुण्याहून कापड्याला आला होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेमचा नवा अवतार रद्द झाला म्हणून हळहळत होता.

मूळ खेळ १९८९ चा. जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाच्या धावण्या-उड्या मारण्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं! २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ आला. त्यात खंजिराने काळ मागे फिरवता येई.

तोच खेळ नव्याने घडवायचं काम युबिसॉफ्टच्या पुण्या-मुंबईच्या मंडळींकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये झलक दिसली आणि जुने खेळाडू चेहऱ्यांवरून तुटून पडले. २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं, जानेवारी २०२६ मध्ये बंदच झालं.

मला त्या पुण्या-मुंबईच्या मुलांचं वाईट वाटलं. आमच्याकडे कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं, की पाहुणे वाखाणतात आणि घरची म्हातारी माणसं ओटी शोधत फिरतात. २००३ ची चित्रं आज पाहिली तर ओबडधोबडच दिसतात. पण आठवणीत ती तशी नसतात ना! त्या आठवणीची बरोबरी कोण करणार?

हे बोलून दाखवलं तर नातू हळूच म्हणाला, “आजोबा, तेव्हा नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो.”