ट्रकच्या डाव्या दाराखालची न दिसणारी जागा : लंडनचा धडा #थ्रेड

१/ ५ ते १८ नोव्हेंबर २०१३. या दोन आठवड्यांत लंडनच्या रस्त्यांवर सहा सायकलस्वार मृत्युमुखी पडले. २९ तारखेच्या संध्याकाळी सुमारे हजार नागरिक शहराच्या वाहतूक प्राधिकरणाच्या कार्यालयासमोर भर रस्त्यात सायकली आडव्या टाकून निपचित पडून राहिले. सहाही मृत्यू ट्रकखाली झालेले नव्हते. तरी लोकांचा रोख ट्रककडे वळला, आणि तो निराधार नव्हता.

२/ २०१५ ते २०१७ या काळात लंडनमध्ये वाहनांनी कापलेल्या एकूण अंतरात अवजड ट्रकांचा वाटा अवघा ४ टक्के होता. सायकलस्वारांच्या प्राणघातक अपघातांत मात्र तो ६३ टक्के! याचे खापर चालकांच्या बेफिकिरीवर फोडणे सोपे होते. मूळ मात्र बऱ्याच अंशी केबिनच्या घडणीत आहे.

३/ युरोपात ट्रकच्या लांबीवर कायद्याची मर्यादा होती आणि ती मोजताना केबिनही धरली जाई. केबिन जितकी आखूड, तितकी मालाला जागा अधिक. म्हणून इंजिन पुढे न ठेवता चालकाच्या आसनाखाली गेले. चपट्या तोंडाची, उंच केबिन रूढ झाली. चालकाची नजर जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास पोचली आणि डाव्या दाराला लगटून उभा असलेला सायकलस्वार त्या उंचीवरून दिसेनासा झाला. बांधकामाच्या टिपरांची तऱ्हा तर आणखी वाईट. खाणीतल्या खाचखळग्यांसाठी त्यांचा सांगाडा अधिकच उंच ठेवलेला, आणि ते धावत शहराच्या डांबरी रस्त्यांवर.

४/ ब्रिटनमध्ये, भारताप्रमाणेच, वाहने डावीकडून चालतात व चालक उजवीकडे बसतो. सिग्नलपाशी सायकलस्वार कडेने पुढे सरकतो, ट्रक डावीकडे वळू लागतो, आणि त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात. पुण्या-मुंबईच्या चौकांतली भूमितीही हीच.

५/ ट्रकच्या दोन्ही अंगांना संरक्षक कठडे लावण्याची सक्ती ब्रिटिश नियमांत १९८०च्या दशकातच आली होती. परंतु टिपरसारख्या वाहनांना तीतून सूट होती. म्हणजे नेमकी ज्यांची गरज सर्वाधिक, त्यांनाच. ही पळवाट लंडनपुरती बुजली ती १ सप्टेंबर २०१५ रोजी, बोरिस जॉन्सन महापौर असताना. साडेतीन टनांहून जड वाहनांना शहरात कठडे आणि जवळचे दाखवणारे जादा आरसे बंधनकारक झाले.

६/ त्याच सुमारास वाहनांच्या पाठीवर ‘सायकलस्वारांनो, मागे राहा’ अशा अर्थाचे स्टिकर झळकत होते. सायकल संघटना भडकल्या, आणि ते योग्यच होते: दोष रचनेचा, दटावणी मात्र मरणाऱ्याला. पुढे मजकूर बदलावा लागला.

७/ आरसे वाढले, पण आरशात पाहायलाही वेळ लागतो. लीड्स विद्यापीठाच्या प्रयोगात काचेतून थेट पाहणारा चालक आरशात पाहणाऱ्यापेक्षा सुमारे ०.७ सेकंद आधी प्रतिसाद देतो, असे आढळले. ताशी २४ किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात ट्रक ४.७ मीटर पुढे जातो. एका सायकलची लांबी दोन मीटरही नसते.

८/ म्हणून २०१६ मध्ये महापौर सादिक खान यांनी निराळी मोजपट्टी जाहीर केली: चालकाला केबिनमधून थेट किती दिसते, यावर ट्रकला शून्य ते पाच तारे. बारा टनांवरील ट्रकांसाठी परवाना सक्तीचा झाला. महामारीमुळे अंमल लांबून १ मार्च २०२१ पासून सुरू झाला. २८ ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे आवश्यक ठरले. कमी तारे असलेल्यांनी कॅमेरे, संवेदक आणि डावे वळण घेताना वाजणारी सूचना बसवली, तर त्यांनाही प्रवेश मिळतो. ही तडजोड आहे, हे उघड आहे. पण तिच्यावाचून शहराची बांधकामे अडली असती.

९/ गंमत अशी की खालपर्यंत काच असलेली बुटकी केबिन नव्याने शोधावी लागलीच नाही. कचरा उचलणारे कामगार दिवसभर चढ-उतार करतात, म्हणून त्यांच्या गाड्यांना ती आधीपासून होती. मर्सिडीजची ‘इकॉनिक’ १९९८ सालची. लंडनमधल्या काही बांधकाम कंपन्यांनी पुढे तीच केबिन टिपरला लावून घेतली.