गाडीचा तळ: गंज, आवाज आणि आजोबांचं डांबर

मागच्या आठवड्यात एका वाचक मैत्रिणीने विचारलं, "ताई, पीएचडीला विषय मिळाला, पण 'पुरावा' म्हणजे नक्की काय हे अजून कळत नाही." उत्तर लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आला तो मामाच्या पद्मिनीचा गंजलेला तळ. माझं संशोधन धातूवरच्या संरक्षक लेपांवर आहे. तरी या एका पत्र्यापुढे मी महिनाभर चुकीचं बोलत होते. म्हणून आज त्या तळाचा इतिहास.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. त्या काळात गाडीचं बुकिंग केलं की वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे घरातली मोठी माणसं तुम्हाला सांगतील. आजोबा गेल्यावर ती रत्नागिरीच्या घरी पडवीलगत उभी राहिली. गेल्या वर्षी मामाने ती चालू करायचं ठरवलं. चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खाली तागाचं कुजलेलं अस्तर, त्याखाली डांबराचा जाड थर आणि त्या थरातून थेट खालची फरशी दिसत होती.

हे डांबर कंपनीचं नव्हतं, आजोबांचं होतं. दर दोन-तीन वर्षांनी, मिरगाच्या आधी, ते डब्यात डांबर वितळवून गाडीच्या तळाला आतून लावायचे. "गंज धरत नाही आणि गाडी शांत चालते," असं ते सांगायचे. गॅरेजवाल्याने बघितल्याबरोबर निकाल दिला: या डांबरानेच गाडी खाल्ली. मीही मान डोलावली. मामा काही बोलला नाही, पण त्याला ते लागलं हे दिसत होतं.

आता तळाला भोक पडलं तर एवढं काय, पत्रा टाकून मोकळं व्हावं, असं वाटेल. जुन्या काळी ते खरंही होतं. सुरुवातीच्या मोटारींना खाली स्वतंत्र चौकट असे आणि तळाला बऱ्याचदा लाकडी फळ्या. फळी कुजली की बदलायची, गाडीच्या ताकदीला धक्का नाही. पुढे चौकट आणि शरीर एकच करण्याची पद्धत आली. तिला आपण मोनोकॉक म्हणतो. इटलीत फियाटने १९५०च्या '१४००' मॉडेलला ती वापरली आणि १९५३ साली आलेल्या नव्या '११००'लाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही ११०० घराण्यातली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. तिचंच नाव १९७४ पासून 'पद्मिनी' झालं. म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा तळ हा नुसता पाय ठेवायचा पत्रा नव्हता, तो गाडीचा कणा होता. दाराखालची पेटी (गॅरेजात 'सिल' म्हणतात) आणि तळ दोन्ही गेले की गाडी मधोमध वाकते, दारं लागेनाशी होतात. त्यामुळे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी आडवे तात्पुरते वेल्ड करावे लागतात. आम्हीही केले.

पत्रा गंजतो म्हणजे काय होतं, याचं आजचं उत्तर फार जुनं नाही. १९०३ साली विलिस व्हिटनी यांनी लोखंडाचं गंजणं ही विद्युतरासायनिक क्रिया आहे असं मांडलं. पुढे केंब्रिजच्या उलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एक इतका साधा प्रयोग केला की तो तुम्ही प्रयोगशाळेत अर्ध्या तासात करू शकता. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन. थोड्या वेळाने थेंबाच्या कडा गुलाबी होतात आणि मध्यभाग निळा. निळं तिथे लोखंड विरघळतंय. म्हणजे जिथे हवा भरपूर पोचते ती कड वाचते आणि जिथे ऑक्सिजन कमी तो मध्य खाल्ला जातो! आपल्या सामान्यज्ञानाच्या बरोबर उलट. मी बीएस्सीला हे पाठ केलं होतं. पटलं मात्र पद्मिनीच्या तळाशी, सैल झालेल्या डांबराखाली बोट घातलं तेव्हा. थराच्या फटीत पाणी शिरतं, सुकत नाही, आत हवा कमी, बाहेर जास्त, आणि त्यात रत्नागिरीची खारी हवा. इव्हान्सचा थेंबच तो, फक्त चाळीस वर्षं ठेवलेला.

तर माझा सिद्धान्त तयार होता: डांबराने पाणी अडकवलं, पत्रा गेला. पुरावाही होता. सीटखाली, जिथे आजोबांचा हात पोचला नव्हता आणि डांबर नव्हतं, तिथला पत्रा ठणठणीत. मी मामाला हे अगदी सेमिनारच्या थाटात समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, पण सीटखाली ओले पाय कोण ठेवतं?"

मित्रांनो, मी पत्र्याकडे बघत बसले. दोन जागांमध्ये डांबराचा फरक होता, पण पाण्याचाही होता. हा दोष दुसऱ्याच्या शोधनिबंधात मी मिनिटात पकडला असता.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. तळावर खडूने चौकोन आखले, प्रत्येकाचा फोटो काढला आणि डांबर उपटण्याआधी बारीक हातोडीने ठोकून बघायचं ठरवलं. चांगला पत्रा 'टण' वाजतो, गंजलेला 'थप'. पण डांबराच्या थरावर सगळंच 'थप' वाजत होतं. ज्या गुणासाठी आजोबा त्याचं कौतुक करत, तोच गुण आमची तपासणी बंद पाडत होता.

तो गुण खरा होता, हेही सांगितलं पाहिजे. पातळ पत्रा इंजिनाच्या आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी थरथरतो आणि ढोलासारखा आवाज करतो. १९५२ साली जर्मनीत हेर्मान ओबेर्स्ट यांनी पत्र्याला घट्ट चिकटलेला मऊसर थर ही थरथर किती आणि कशी शोषतो, याचं गणित मांडलं. थर पत्र्याबरोबर वाकतो, ताणला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. आजही अशा चाचणीच्या पट्टीला ओबेर्स्टचंच नाव आहे. १९५९ साली एडवर्ड केर्विन यांनी पुढचं पाऊल दाखवलं: मऊ थरावर कडक पातळ पापुद्रा चिकटवला की मधला थर सरकता सरकता जास्त ऊर्जा गिळतो. हल्ली बाजारात ॲल्युमिनियमची पन्नी लावलेल्या काळ्या ब्युटिल शीट मिळतात, त्या याच तत्त्वावर. आजोबांनी यातलं काही वाचलं नव्हतं, पण कान बरोबर होते. फक्त एक लक्षात घ्या: या सगळ्या गणितात थर 'घट्ट चिकटलेला' हवा.

आमचं उत्तर त्याच शब्दात होतं. डांबर गरम करून, पट्टीने हळूहळू सोलताना मागच्या डाव्या पायाखालच्या चौकोनात ते निघेचना. ती जागाही ओल्या पायांचीच. कोपरा कसाबसा उचलला, तर खाली स्वच्छ, करडा पत्रा. शेजारच्याच चौकोनात डांबर पापडासारखं सुटून आलं आणि त्याच्या पाठीला तांबडी गंजाची भुकटी घट्ट बसलेली. म्हणजे तिथे डांबर लावलं तेव्हाच खाली गंज होता. डांबर पत्र्याला नाही, गंजाला चिकटलं होतं, आणि गंज कुणालाच धरून ठेवत नाही. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, वरचा थर उचलतो. मग फट, मग पाणी, मग इव्हान्सचा थेंब. पहिला हात कोऱ्या पत्र्यावर बसला तिथे डांबराने चाळीस वर्षं राखण केली. नंतरचे हात गंजावर बसले तिथे गाडी गेली.

गंजावरच्या उपायांचा बराचसा इतिहास खरं तर लेपाखालच्या पृष्ठभागाचा इतिहास आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक आम्लाच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. १९१५ पासून अमेरिकेत पार्कर कंपनीने तीच वाट मोठी केली. लोखंडावर फॉस्फेटचे बारीक खडबडीत स्फटिक बसतात. ते स्वतः थोडंफार राखतात, पण मुख्य म्हणजे वरच्या रंगाला पकड देतात. योगायोगाची गोष्ट बघा, दिल्लीचा लोहस्तंभ दीड हजार वर्षांहून जास्त टिकला त्यामागेही फॉस्फरस आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक पापुद्रा तयार झाला. दुसरा उपाय टॅनिक आम्लाचा. ते गंजाला काळ्यानिळ्या, बऱ्यापैकी स्थिर संयुगात बदलतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग बनवायची आपल्याकडची जुनी रीत हेच रसायन वापरते.

आमच्या कामाचं थोडक्यात. चाळण झालेला पत्रा कापला. वेल्डिंगच्या जागेभोवतीचं डांबर आधी पूर्ण काढलं, कारण ते पेट घेतं. पेट्रोलची टाकीही उतरवून लांब ठेवली. नवा पत्रा सलग न जोडता ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केला, नाहीतर उष्णतेने वाकतो. खड्ड्यांतला गंज वायर ब्रशने घासून मग फॉस्फोरिक आम्ल. इथे गॅरेजवाला आणि मी भांडलो. त्याला आम्लावरच प्रायमर मारायचा होता. पण उरलेलं आम्ल इपॉक्सीची पकड बिघडवतं, म्हणून धुऊन, लगेच गरम हवेने सुकवून, मगच इपॉक्सी प्रायमर. सांध्यांना सीलर. त्यावर ब्युटिल शीट, तीही सगळीकडे नाही, पत्र्याच्या मोठ्या सपाट भागांच्या मधोमध. थरथर तिथेच जास्त असते. पाणी जायची भोकं मोकळी ठेवली. तागाच्या जागी पाणी न पिणारा फोम. आणि पुढच्या काचेचं रबर बदललं, कारण मुळात पाणी तिथून येत होतं. हे सगळ्यात स्वस्त काम आणि आजोबांच्या हयातीत ते कधीच झालं नव्हतं.

उरला मागचा डावा चौकोन, ज्याचं डांबर निघत नव्हतं. मी म्हटलं, सगळीकडे सारखं हवं, काढून टाकू. मामा म्हणाला, "अण्णांचं चांगलं बसलंय ना? मग राहू दे." शास्त्राच्या दृष्टीने मला हरकत घेता येईना. आम्ही त्याच्या कडा सीलरने बंद केल्या, चौकोनाचा फोटो काढला, मागे तारीख लिहिली. ज्या कोपऱ्याखाली करडा पत्रा दिसला होता, त्याची आता दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा तपासणी.